स्वाइन फ्लू : गाजावाजा आणि गांभीर्य

3 ऑगस्ट 2009 रोजी पुण्यात एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली; देशातला हा पहिला मृत्यू. पुढे काही आठवडे नायडू रुग्णालयातल्या रांगा आणि मास्क लावलेले चेहरे वाहिन्यांवर दिवसभर दिसत राहिले. साथ ओसरल्यावर मात्र ‘तो माध्यमांनी उभा केलेला बागुलबुवा होता’ हे मत रूढ झालं. त्यात तथ्याचा अंश आहे. मृतांचे आकडे ठळकपणे सांगितले गेले, पण लागण झालेले बहुतेक जण सहज बरे होतात, हे मागेच पडलं. साधी सर्दी असलेलेही घाबरून तपासणीच्या गर्दीत उभे राहिले, हे तर थेट अपायकारक होतं. पण वार्तांकन भडक होतं म्हणून आजार किरकोळ ठरत नाही.

संशय घेणाऱ्यांची सगळी भिस्त एका आकड्यावर असते : जगभरात प्रयोगशाळेत निश्चित झालेले सुमारे 18,500 मृत्यू. मात्र ज्याची चाचणी झाली, त्याचीच नोंद या आकड्यात आहे. जिथे चाचणीच पोहोचली नाही, तिथले मृत्यू त्यात येणार कुठून? 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने पहिल्या वर्षातले मृत्यू दीड लाख ते पावणेसहा लाखांच्या दरम्यान धरले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिका व आग्नेय आशियात झाले असावेत, असं म्हटलं. मृतांपैकी सुमारे 80 टक्के 65 वर्षांखालचे होते. एरवीचा फ्लू प्रामुख्याने वृद्धांचे बळी घेतो. हा तरुणांचे, गरोदर स्त्रियांचेही घेत होता. माझ्या मते, खरी बातमी हीच होती.

क्षयाने देशात दरवर्षी लाखो माणसं जातात, त्याची एवढी चर्चा का नाही, हा आक्षेप रास्तच आहे. पण त्यातून क्षयाकडे अधिक लक्ष हवं, एवढंच सिद्ध होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या काही सल्लागारांचे औषध कंपन्यांशी संबंध होते, ही टीकाही गंभीर आहे. तरी अतिदक्षता विभागातले तरुण रुग्ण त्या संबंधांमुळे आजारी पडले नव्हते. साथीचं गांभीर्य बातम्यांच्या आवाजावरून मोजू नका, तो चढलेला असो वा उतरलेला. जागतिक साथ संपल्याचं ऑगस्ट 2010 मध्ये जाहीर झालं. भारतात या आजाराचे 2009 मध्ये नोंदलेले मृत्यू हजाराच्या आत होते. 2015 मध्ये ते सुमारे 3,000 झाले.