निळ्या पडद्यामागची माणसं

निळा पडदा, पिवळी अक्षरं, प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘कोनिओ डॉट एच’ची ओळ आणि शेवटी उत्तर पडद्यावर थांबावं म्हणून ‘गेट-सीएच’. मीरा रोड-भाईंदरच्या ज्या मुलांनी कॉलेजात असं सी प्लस प्लस गिरवलं, त्यांना टर्बो सी प्लस प्लस हा कंपायलर लगेच आठवेल. बोर्लंड कंपनीनं तो १९९० साली डॉससाठी आणला. १९९८ साली या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्याच दुसऱ्या एका ओळीतल्या ‘आयओस्ट्रीम’ला लागलेलं ‘डॉट एच’ गळालं. तरीही आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये टर्बो पुढे वर्षानुवर्षं टिकला.

का टिकला? सर त्यावरच शिकलेले असतात. जर्नल सीनिअरकडून मिळतं आणि त्यातला प्रोग्रॅम तसाच्या तसा चालावा लागतो. व्हायवाचे प्रश्नही त्यातलेच. अडलं तर शेजारचा मित्र मदत करतो, कारण त्याच्यासमोरही तोच निळा पडदा असतो. एकट्यानं वेगळी वाट धरली, तर विचारायला कुणी उरत नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. टर्बोमध्ये पूर्णांक ठेवायचा ‘इंट’ दोनच बाइटचा असतो. ३२७६७ मध्ये १ मिळवला की उत्तर येतं उणे ३२७६८! आजच्या नेहमीच्या कंपायलरवर हीच बेरीज ३२७६८ येते. मुलाला वाटतं भाषाच अशी आहे. खरं तर ती भोवतालच्या मंडळींची सवय असते.

भोवतालच्या मंडळींची ही ओढ चांगल्या दिशेनंही काम करते. पायथॉन ही भाषा १९९१ साली जगापुढे आली. कोड कसा मांडावा याचे संकेत, ‘पेप ८’, तिच्या मंडळींनी २००१ साली लिहून ठेवले. त्यामुळे अनोळखी माणसाचा कोडही ओळखीचा वाटतो. नवख्याला याचा फार मोठा आधार असतो, असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ‘ईआरपीनेक्स्ट’ पायथॉनवर उभं आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. भाईंदरच्या खोलीत बसलेली मुलगी तो वाचू शकते, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवू शकते.

पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प तर मराठीतूनही शिकवतो. अर्ध्या पडद्यावर छोटासा धडा चालू ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यावर आपण तेच करून पाहायचं. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलासाठी प्रोग्रॅमिंगची भाषा किती वेगवान आहे यापेक्षा ही सोय मोलाची आहे.

म्हणून नवी भाषा शिकायची असेल, तर क्लासची फी भरण्याआधी एक संध्याकाळ काढा. मनात असलेल्या भाषेतला एखादा खुला प्रकल्प उघडा आणि तिथे नवख्याच्या साध्या प्रश्नाला जुने लोक काय उत्तर देतात, ते वाचा. पुढची काही वर्षं तुम्हाला त्यांनाच विचारायचं आहे.