पाळणाघरातील बालकांना औषध देताना

सकाळी कामावर निघालेली आई अंगात कणकण असलेले मूल पाळणाघरात आणते, पिशवीतून औषधाची बाटली काढून तेथील बाईंच्या हाती ठेवते आणि ‘दुपारी एक चमचा द्या’ एवढे सांगून बस गाठण्यासाठी धावते. या सांगण्यात वरकरणी काही उणे नाही. परंतु चमचा केवढा, दुपारी म्हणजे किती वाजता, आणि घरून निघण्यापूर्वी बाळाला हेच औषध एकदा दिले होते किंवा कसे, यांपैकी कशाचाच उलगडा त्यातून होत नाही. औषध एका हातातून दुसऱ्या हातात जाते तो हा क्षण अत्यंत सावधगिरीचा असतो.

तापावर सर्रास दिल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घेऊ. हे औषध बालकांसाठी थेंबांच्या छोट्या बाटलीत मिळते आणि सिरपच्या मोठ्या बाटलीतही मिळते. थेंबांच्या औषधात सामान्यतः १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. दहा किलो वजनाच्या बालकाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. म्हणजे सौम्य सिरपचा ५ मिलिलिटरचा एक चमचा त्याला योग्य. तोच चमचा थेंबांच्या बाटलीतून भरला तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, ही समजूत येथे उलटी ठरते. अशी चूक एखाद्या वेळी झाली तर मूल बहुधा निभावून नेते. परंतु आईने साडेआठला, बाईंनी दहाला आणि ताप उतरत नाही म्हणून पुन्हा बाराला, असे दोन-तीन दिवस चालले तर यकृतास इजा पोहोचते, आणि पहिल्या दिवशी मुलाच्या चेहऱ्यावर त्याचे काही चिन्हही दिसत नाही. दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे आणि दिवसभरात चारांहून अधिक मात्रा होता कामा नयेत, त्या यासाठीच.

म्हणूनच तोंडी निरोपावर औषध न घेणे हा पाळणाघराचा पहिला नियम असावा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मुलाचे नाव लिहिलेली मूळ बाटली, आणि एका साध्या वहीत आईच्या हस्ताक्षरातील नोंद : घरी शेवटची मात्रा किती वाजता दिली, पुढची किती वाजता व किती मिलिलिटर द्यावयाची. आईला लिहिता येत नसल्यास बाईंनी लिहून तिला वाचून दाखवावे. औषध दिल्यावर त्याच ओळीपुढे वेळ आणि सही. हा कागदी सोपस्कार वाटेल खरा, पण दुपारी बाई बदलल्या तर दुसरी मात्रा चुकून दिली जात नाही ती या ओळीमुळे.

मापासाठी घरातला चमचा वापरू नये. पोह्यांचा चमचा, चहाचा चमचा, खिरीचा चमचा यांत सारखेपणा नसतो. बाटलीसोबत येणारी मापाची टोपी अथवा सुई नसलेली पिचकारी घ्यावी आणि माप डोळ्यांच्या रेषेत धरून वाचावे. बाटली आधी नीट हलवावी. पूड कालवून तयार केलेल्या प्रतिजैविकात गाळ तळाशी बसतो, आणि न हलविल्यास पहिले चमचे पाण्यासारखे तर शेवटचे दाट निघतात. ओतताना बाटलीची चिठ्ठी तळहाताकडे ठेवण्याची जुन्या परिचारिकांची सवयही अनुकरणीय आहे, कारण ओघळाने अक्षरे पुसली जात नाहीत.

बाळाला मांडीवर बसते धरून गालाच्या आतील बाजूस थोडे थोडे औषध सोडावे. नाक दाबून किंवा रडत्या मुलाच्या घशात औषध ओतणे धोक्याचे आहे. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. दुधाच्या पूर्ण बाटलीतही मिसळू नये, कारण अर्धे दूध उरले तर औषध किती गेले हे कोणालाच सांगता येत नाही. ‘गोड खाऊ’ म्हणून तर कधीच देऊ नये. मूल पुढे तोच खाऊ स्वतः शोधू लागते.

अंगणवाडीची गोष्ट थोडी निराळी आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज अंगणवाडीत घरच्या बाटलीबरोबरच शासकीय मोहिमांची औषधेही दिली जातात. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला एक ते दोन वर्षांच्या बालकास अल्बेंडाझोलची अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅमची, आणि त्यावरील मुलास पूर्ण गोळी देण्यात येते. लहानग्यांसाठी गोळी दोन चमच्यांमध्ये कुटून पाण्यात कालवावी लागते. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला ती न देता नंतरच्या दिवसासाठी राखून ठेवतात. मोहिमेत रांग मोठी असते आणि घाई होते. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी १२ बालकांच्या तोंडात हात निर्जंतुक करण्याचे द्रव्य गेले होते. सुदैवाने मुले बचावली. बाटलीवरचे नाव प्रत्येक वेळी वाचणे याला मोहिमेतही पर्याय नाही.

खोकल्याच्या औषधांविषयी मात्र अधिक कठोर व्हावयास हवे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक बालके दगावली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळविले. तेव्हा दुकानातून परस्पर आणलेली अशी बाटली पाळणाघराने नाकारली, तर त्यात पालकांचा अवमान नाही.

चुकीचे अथवा जास्त औषध गेल्याचे ध्यानात आल्यास बोटे घालून उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा, आईला कळवावे, आणि रुग्णालयात जाताना ती बाटली व वही दोन्ही सोबत न्यावीत.