नाखमान, ब्रात्स्लावचा
(४ एप्रिल १७७२–१६ ऑक्टोबर १८१०). पूर्व युरोपातील हासिदी पंथाचा एक यहुदी धर्मगुरू व कथाकार. जन्म पोडोलिया प्रांतातील मेजिबिझ (सध्या युक्रेनमध्ये) या गावी. त्याची आई फेगा ही हासिदी पंथाचा संस्थापक बाल शेम तोव्ह याची नात असून, आजोबा (वडिलांचे वडील) नाखमान होरोडेंकर हे बाल शेम तोव्हचे शिष्य होते. त्यामुळे त्याला दोन्ही बाजूंनी धार्मिक प्रतिष्ठेचा वारसा लाभला.

तत्कालीन प्रथेप्रमाणे वयाच्या सुमारे तेराव्या वर्षी त्याचा सोसिया हिच्याशी विवाह झाला. पुढे मेडव्हेडिव्हका येथे राहत असताना त्याच्याभोवती शिष्य जमू लागले. १७९८ मध्ये त्याने पॅलेस्टाइनची यात्रा केली. नेपोलियनच्या स्वारीमुळे हा प्रवास अत्यंत धोक्याचा ठरला, तथापि हैफा, टायबीरिअस इ. ठिकाणांना भेट देऊन तो १७९९ मध्ये परतला. १८०० मध्ये तो झ्लाटोपोल येथे गेला. तेथे श्पोला येथील वृद्ध गुरू आऱ्ये लाइब याने त्यास तीव्र विरोध केला. १८०२ पासून तो ब्रात्स्लाव येथे राहिला. तेथेच त्याला नेमिरोव्हचा नाथान स्टर्नहार्ट्‌झ (१७८०–१८४४) हा पट्टशिष्य मिळाला.

नाखमानला सहा मुली व दोन मुलगे झाले. तथापि दोन्ही मुलगे बालपणीच वारले आणि मुलींपैकी आदिल, सारा, मिरिआम व हाया या चौघीच मोठ्या झाल्या. १८०७ मध्ये सोसिया क्षयाने मृत्यू पावली. त्याने दुसरा विवाह केला परंतु त्यालाही क्षयाने ग्रासले. लेंबर्ग (ल्वीव्ह) येथील उपचारांचा उपयोग झाला नाही. १८१० मध्ये आगीत ब्रात्स्लावमधील घर जळाल्यावर तो उमान येथे गेला व तेथेच निधन पावला. १७६८ च्या हत्याकांडात बळी पडलेल्या यहुद्यांच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे, अशी त्याची इच्छा होती.

एकांतात, स्वतःच्या बोलभाषेत ईश्वराशी मोकळेपणाने बोलावे आणि निराशेला थारा देऊ नये, ही त्याची प्रमुख शिकवण. तिचे संकलन लिकुते मोहरान (१८०८) या ग्रंथात आहे. १८०६ पासून त्याने यिद्दिश भाषेत रूपकात्मक कथा सांगण्यास प्रारंभ केला. नाथानने त्या लिहून काढल्या. त्यांपैकी तेरा कथांचा सिप्पुरे मासियोत हा संग्रह १८१५ मध्ये हिब्रू व यिद्दिश भाषांत प्रसिद्ध झाला. मार्टिन बूबर याने १९०६ मध्ये या कथांचे जर्मन रूपांतर प्रसिद्ध केले.

हासिदी पंथात गुरुपद सामान्यतः पित्याकडून पुत्राकडे वा जावयाकडे जाते. बाल शेम तोव्हच्या कुळात जन्मलेल्या नाखमानच्या मागे मात्र गुरुपरंपरा चालली नाही. त्याच्या अनुयायांनी दुसरा गुरू न स्वीकारता ग्रंथ व समाधी यांनाच मार्गदर्शक मानले. म्हणून विरोधक त्यांना ‘मृत हासिदी’ म्हणून हिणवीत. नाखमानच्या इच्छेनुसार यहुदी नववर्षदिनी उमान येथे जमण्याची प्रथा नाथानने रुजविली. सोव्हिएट राजवटीत ही यात्रा जवळजवळ बंद पडली. १९९१ नंतर मात्र ती पुन्हा मोठ्या प्रमाणावर भरू लागली.