विवाहाची साक्ष : धर्मसंस्कार आणि नागरी नोंदणी

‘अग्निसाक्ष’ हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. विवाहाला साक्ष कोणाची, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. धर्म, विवाह आणि नागरी कायदा यांचे नाते समजून घेताना हाच प्रश्न आपल्याला मार्ग दाखवील.

युरोपात १५६३ मध्ये ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने विवाहास धर्मगुरू व साक्षीदार यांची उपस्थिती अनिवार्य केली. १७९२ मध्ये क्रांतिकालीन फ्रान्सने विवाहनोंदणीचा अधिकार नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे दिला. धर्मविधी उरले, मात्र कायद्याने मान्य केलेली साक्ष राज्यसंस्थेची झाली.

भारतात ब्राह्मो समाजाच्या मागणीतून १८७२ चा विवाह कायदा आला. त्यानुसार निबंधक व तीन साक्षीदार यांच्यासमोर विवाह करता येई. परंतु आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी प्रमुख धर्मांपैकी कोणताही मानत नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. म्हणजे नागरी विवाहाची किंमत धर्मत्याग ही होती. याच सुमारास, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने निराळी वाट धरली. त्याने पुरोहिताची मध्यस्थी नाकारली, ईश्वरश्रद्धा नव्हे. वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञेला जमलेला समाज साक्षी राहिला.

१९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपापसांतील विवाहासाठी धर्मत्यागाच्या अटीतून मुक्त केले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही मुभा सर्वधर्मीयांना दिली. तरीही तीस दिवसांची जाहीर नोटीस आवश्यक राहिली. घरच्यांच्या विरोधाला तोंड देणाऱ्या भिन्नधर्मीय जोडप्यासाठी हा काळ कसोटीचा ठरू शकतो.

विवाह न म्हणताही सहजीवनाला कायदेशीर मान्यता देता येते, हे डेन्मार्कने १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांसाठी नोंदणीकृत भागीदारी स्वीकारून दाखविले. भारतात असा कायदा नाही.

सारांश, धर्म विवाहाला पावित्र्य देतो, तर राज्यसंस्था हक्क देते. हक्कासाठी श्रद्धा सोडावी लागू नये, इथवर येण्यास आपल्याकडे १८७२ पासून ब्याऐंशी वर्षे लागली.

स्वाध्याय : ‘लग्न लावणे’ आणि ‘लग्नाची नोंदणी करणे’ या प्रयोगांत साक्ष कोणाची अभिप्रेत आहे, ते आपल्या शब्दांत स्पष्ट करा.