मेन जेटला दोष देण्याआधी

चेन्नईतल्या मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीच्या माड रस्त्यांवर मोटारसायकलचा थ्रॉटल पिळायला जागाच मिळत नाही. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला. सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललेली जुनी बुलेट इथं झटके देऊ लागली, थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजवू लागली, की चहूकडून एकच सल्ला येतो: मेन जेट मोठा टाका. पण या गर्दीतल्या वेगाला मेन जेटचं जवळजवळ कामच नसतं.

1893 मध्ये विल्हेल्म मायबाखने फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला. त्याचं तत्त्व फ्लिटच्या पंपाचंच आहे. अरुंद वाटेतून हवा वेगानं गेली की तिथला दाब कमी होतो आणि फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढलं जातं. म्हणजे कार्ब्युरेटर हवा मोजत नाही, तो फक्त दाबातला फरक मानतो. त्या फरकाला जेटच्या भोकातून किती पेट्रोल द्यायचं, हे कारखान्यात विशिष्ट एअर बॉक्स आणि विशिष्ट सायलेन्सर धरून ठरवलेलं असतं.

बुलेट तर चेन्नईचीच. मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून 1955 मध्ये एनफिल्ड इंडिया काढली, तिचा कारखाना शहराच्या उत्तरेला तिरुवोत्तियूरला. बिडाच्या इंजिनाच्या 346 सीसी बुलेटवर साधा, केबलने स्लाइड उचलणारा मिककार्ब कार्ब्युरेटर असे. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 नियम आले आणि नव्या बुलेटवरून कार्ब्युरेटर गेला. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांवर मात्र तो आहेच, आणि गाडी मॉडिफाय करायची हौसही.

स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये कामाची वाटणी थ्रॉटल किती उघडला यावर असते. साधारण अष्टमांशापर्यंत पायलट जेट. त्याच्या पुढे स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप. पाव ते पाऊण या पट्ट्यात निडल आणि तिच्यावरची क्लिप. मेन जेटचं राज्य सुरू होतं पाऊण थ्रॉटलच्या पुढे. या सीमा एकमेकींत मिसळलेल्या असतात, पण निदानाला एवढं पुरतं. थ्रॉटलच्या मुठीवर चिकटपट्टी लावा, पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा आणि गाडी नेमकी कुठल्या खुणेवर बिघडते ते पाहा. माड रस्त्यावर झटके देणारी आणि मोकळ्या ईस्ट कोस्ट रोडवर सुसाट जाणारी गाडी पायलट जेटची तक्रार सांगते. गल्लीत गोड चालणारी आणि ईस्ट कोस्ट रोडवर पूर्ण थ्रॉटलला दमणारी गाडी मेन जेटची.

एअर बॉक्स काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की हवेचा अडथळा कमी होतो, त्याबरोबर पेट्रोल ओढणारा दाबातला फरकही घटतो. मोकळा सायलेन्सर त्यात भर घालतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. फटाके, थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला लागणारा वेळ, तापलेलं इंजिन ही सगळी त्याचीच लक्षणं. बुलेटच्या पुढच्या पिढीतल्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड रबरी पडद्यावरच्या दाबाने उचलली जाते. तिथं एअर बॉक्स काढणं जास्त महागात पडतं, कारण स्लाइड नीट उचलली जाईल याची खात्रीच राहत नाही.

मग जेट बदलावा लागतो, पण तारेने भोक कोरून नव्हे. ज्या जेटचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात दाखवतो, तिथं 100 वरून 110 वर जाणं म्हणजे 10 टक्के वाढ नसते. भोकाचं क्षेत्रफळ 21 टक्क्यांनी वाढतं. तारेने किती वाढलं, हे कोणालाच कळत नाही.

त्याआधी बाकीचे संशयित तपासा. कार्ब्युरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी आजार विजेचे असतात. थंड असताना छान चालणारी आणि तापल्यावर मिसिंग मारणारी जुनी गाडी बहुधा कंडेन्सर किंवा कॉइल मागत असते. पॉइंटचं अंतर, टॅपेट, टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक हेही पाहून घ्या. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर तडकला, की गाडी तिथून ‘एअर घेते’ आणि कुठलाही जेट टाकला तरी शिस्तीत येत नाही. चोकची चाचणी फुकटची आहे. चोक थोडा ओढल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण लीन होतं, आणखी बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरं फटक म्हणजे लीन, काजळी धरलेलं म्हणजे रिच. पण आजच्या पेट्रोलवर हे रंग ढोबळच समजावेत.

मैलापूरला समुद्राच्या हवेलाही दोष दिला जातो. हिशेब करून पाहू. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण 6 टक्के विरळ. पण कार्ब्युरेटरचं पेट्रोल हवेच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं, म्हणून पुण्याला लावलेली गाडी मैलापूरला आणली तर मिश्रण जेमतेम 3 टक्क्यांनी लीन होईल. त्यातलंही बरंचसं उकाडा आणि दमटपणा भरून काढतो. 32 अंश तापमानाला 75 टक्के आर्द्रता असली, तर हवेच्या साडेतीन टक्के जागेवर पाण्याची वाफच बसलेली असते आणि ऑक्सिजन तेवढा कमी होतो. समुद्र निर्दोष आहे.

खरा नवा गुन्हेगार पंपावर आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. पंपावरच्या 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरापटीच्या आसपास पुरते. म्हणजे काहीही न बदललेली जुनी गाडीसुद्धा या इंधनावर 7-8 टक्क्यांनी लीन चालते. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्गच नाही. मोकळा सायलेन्सर आणि उघडा फिल्टर यांची भर याच्यावर पडते.

पायलटचा स्क्रू फिरवताना एक पथ्य पाळा. मिककार्बसारख्या स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये तो हवेचा असतो, आत घेतला की मिश्रण रिच होतं. पडद्याच्या कार्ब्युरेटरमध्ये तो बहुधा मिश्रणाचा असतो, बाहेर काढला की रिच होतं. दोन्ही एकच समजून अर्धा दिवस घालवलेले मेकॅनिक चेन्नईतही भेटतील आणि कोल्हापुरातही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती लिहून ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत असे फेरफार करता येत नाहीत, आणि कर्कश सायलेन्सरवर पोलिस कारवाई करतातच. तेव्हा नवा जेट विकत घेण्याआधी मूळ एअर बॉक्स आणि सायलेन्सर शोधून काढा आणि पुन्हा बसवून पाहा.