इमारतीचं वय विचारू नये?

भेंडी घेताना आपण टोक मोडून पाहतो, नारळ कानाशी धरून हलवतो. आणि जन्माची पुंजी ओतून घर घेताना? नव्या टाइल्स पाहूनच खूश होतो.

गेल्या पावसाळ्यात भाचीसाठी डोंबिवलीत जागा पाहत हिंडत होतो. एका इमारतीला ताजा रंग, जिन्यात नवे दिवे. "किती सालची हो?" मी विचारलं. "असेल काका, पंधरा-एक वर्षांची," एजंट म्हणाला. उतरताना फाटकावरची सोसायटीची पाटी वाचली. नोंदणी क्रमांकाच्या शेवटी साल होतं १९८६! घरमालक शेजारीच उभे होते, पण चकार शब्द बोलले नाहीत.

गंमत पाहा. दस्तनोंदणीच्या वेळी सरकारी मूल्यांकनात जुन्या बांधकामाला घसारा मिळतो. तिथे हीच इमारत एका दिवसात म्हातारी होते, कागदपत्रांसकट.

वय का सांगावं? काँक्रीटमधल्या सळयांना गंज चढतो, समुद्राच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. म्हणून तर महापालिका हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतींची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, कायद्याने सक्तीची आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसं गेली. ती इमारत जेमतेम तिशी ओलांडलेली होती.

कुणी म्हणेल, वयावर काय आहे? खरंच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली इमारत बांधून पुरी होण्याआधीच पडली आणि ७४ जणांना घेऊन गेली. उलट मरीन ड्राइव्हच्या १९३०-४० च्या सुमाराच्या इमारती आजही उभ्या आहेत. पण वय कळलं तरच पुढचे प्रश्न सुचतात. ऑडिट झालं का? दुरुस्ती कधी केली, की नुसताच रंग फासला?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, सहज न दिसणारा मोठा दोष ठाऊक असेल तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. पण वय म्हणजे दोष नव्हे, आणि पळवाट नेमकी तिथेच आहे. माझं म्हणणं एवढंच, की करारनाम्यात दोन ओळी सक्तीच्या करा: भोगवटा प्रमाणपत्राचं साल आणि शेवटच्या ऑडिटची तारीख. विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर तसं लिहून द्यावं. भाव थोडा उतरेल, उतरू दे की!

भाडेकरूची तर आणखी पंचाईत. "अकरा महिने तर राहायचंय तुम्हाला," असं म्हणून त्याची बोळवण होते. सोसायटीची पत्रं येतात मालकाच्या नावे आणि मालक राहतो दुसऱ्या गावी. इमारत रिकामी करण्याची नोटीस लागली, की भाडेकरूने भर पावसात बिऱ्हाड हलवायचं आणि अनामत रकमेसाठी मालकाला फोन करत बसायचं. त्याच्या करारातही त्या दोन ओळी हव्यातच.