वाडा एक, बिऱ्हाडे अनेक : ईमेलच्या दाराचे कुलूप

समजा तुमच्या शाळेने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ सुरू केले. शिक्षकांना शाळेच्या नावाचे ईमेलचे पत्तेही मिळाले. ही पत्रे ब्राउझरमधून वाचण्याची जी सोय असते तिला ‘वेबमेल’ म्हणतात. पहिल्याच दिवशी वेबमेलचे पान उघडावे, तर पडद्यावर इशारा झळकतो : ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही.’ शेजारी उभा असलेला कोणी जाणकार म्हणतो, “त्यात काही नाही हो. ‘तरीही पुढे जा’ यावर टिचकी मारा आणि पासवर्ड घाला.”

हा सल्ला का ऐकू नये, आणि तो इशारा मुळात येऊच नये यासाठी काय करावे लागते, हे आज आपण समजावून घेऊ.

भाड्याची खोली

शाळेचे संकेतस्थळ शाळेतल्या संगणकावर नसते. ते एखाद्या कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, भाड्याने घेतलेल्या जागेत असते. त्याच सर्व्हरवर एखाद्या दुकानाचे, एखाद्या डॉक्टरांचे, एखाद्या नाट्यसंस्थेचे, अशी शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. या व्यवस्थेला ‘शेअर्ड होस्टिंग’ म्हणतात.

पुण्याच्या सदाशिव किंवा नारायण पेठेतील जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर एकच दिंडीदरवाजा, आत चौक आणि चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे. घरक्रमांक मात्र सगळ्यांचा एकच! शेअर्ड होस्टिंगचेही तसेच आहे. इंटरनेटवरील प्रत्येक सर्व्हरला एक अंकी पत्ता असतो. पत्त्याच्या जुन्या आणि अजूनही प्रचारात असलेल्या पद्धतीत ३२ द्विमान अंक असतात. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४२९ कोटी. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर गेली आहे. तेव्हा प्रत्येक छोट्या संकेतस्थळाला वेगळा पत्ता कोठून द्यायचा? म्हणून एका पत्त्यावर अनेक बिऱ्हाडे थाटली जातात.

पोस्टकार्ड की पाकीट?

भारतात ईमेलची सुरुवात संशोधन संस्थांत झाली. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवघेव होऊ लागली. पुढे ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात इतर संस्थाही आल्या. पुण्याच्या ‘आयुका’तील खगोलशास्त्रज्ञांच्या जुन्या ईमेल पत्त्यांत ‘अर्नेट’ हा शब्द असे, तो यामुळेच. जाळ्यावर माणसे थोडी, बहुतेक एकमेकांच्या ओळखीची. तेव्हाचे ईमेल पोस्टकार्डासारखे उघडे जात असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले आणि परिस्थिती पालटली. आज तुमचा पासवर्ड तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत जाताना अनेक यंत्रांतून जातो. उघडा गेला, तर वाटेतील कोणीही तो वाचू शकेल. आणि शाळेच्या पत्रपेटीत काय नसते? विद्यार्थ्यांचे दाखले, पालकांचे फोन नंबर, परीक्षेचे गुण. शिवाय इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे ईमेलवरच येतात. पत्रपेटी हाती लागली की बाकीची कुलपेही उघडता येतात.

तेव्हा मजकूर गुप्त लिपीत पाठवला पाहिजे. पण गुप्त लिपीची किल्ली दोघांकडे हवी. उघड्या रस्त्याने ती पाठवायची कशी?

उघड्यावर ठरलेले गुपित

यावरची युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. वही-पेन्सिल घ्या.

१७ आणि ३ हे दोन आकडे सर्वांना माहीत आहेत असे धरा. तुमच्या संगणकाने मनात ६ हा आकडा धरला. त्याने ३ चा ६ वा घात काढला : ७२९. त्याला १७ ने भागून बाकी राहिली १५. ही बाकी त्याने उघडपणे पाठवली. सर्व्हरने मनात ७ धरले. ३ चा ७ वा घात २१८७. १७ ने भागून बाकी ११. ती त्याने पाठवली.

आता तुमचा संगणक ११ चा ६ वा घात काढून १७ ने भागतो. बाकी उरते ८. सर्व्हर १५ चा ७ वा घात काढून १७ ने भागतो. बाकी पुन्हा ८! हीच दोघांची किल्ली. चोरून ऐकणाऱ्याला १७, ३, १५ आणि ११ कळले, पण ८ कोणी उच्चारलाच नाही. आकडे लहान असल्याने आपल्याला तो शोधता येईल. मात्र १७ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या घेतली, तर सध्याच्या संगणकांनाही तो शोध आवाक्याबाहेरचा ठरतो. आज बहुधा विशिष्ट वक्रांच्या गणितावर बेतलेले या युक्तीचे सुधारित रूप वापरतात, तत्त्व तेच.

पण पलीकडे आहे कोण?

येथे एक मोठी फट राहते. समजा, स्वारगेटला बसची वाट पाहताना तुम्ही कोणा अनोळखी माणसाने चालवलेल्या ‘मोफत वायफाय’ला जोडले गेलात. त्याने स्वतःच तुमच्याशी किल्ली ठरवली आणि ‘मीच शाळेचा सर्व्हर’ असे सांगितले, तर? तुमचे गणित अचूक आणि गुपित पक्के. पण ते चोराबरोबर ठरलेले! म्हणून लक्षात ठेवा : गुप्ततेला ओळखीची जोड नसेल, तर तिचा उपयोग नाही.

ओळख पटवण्याचा प्रश्न नवा नाही. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब उमटवीत. मुद्रेमुळे पत्र कोणाचे ते कळे आणि मोर्तबामुळे लेखनाची सीमा ठरे. खाली कोणी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच आला.

सर्व्हरचे ‘प्रमाणपत्र’ हे असेच शिक्क्याचे पत्र असते. त्यावर संकेतस्थळाचे नाव, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा गणिती शिक्का असतो. हा शिक्का त्या संस्थेलाच उमटवता येतो, पण तो खरा की खोटा हे कोणालाही तपासता येते. विश्वासातील संस्थांची यादी तुमच्या संगणकात आधीच असते. ब्राउझर तीन गोष्टी पाहतो : शिक्का खरा आहे काय, मुदत शिल्लक आहे काय, आणि प्रमाणपत्रावरील नाव तुम्ही लिहिलेल्या नावाशी जुळते काय.

वाड्याच्या दारातला पेच

शेअर्ड होस्टिंगची अडचण या तिसऱ्या प्रश्नात आहे. तुम्ही दिंडीदरवाजा ठोठावता. कोणाकडे जायचे ते सांगण्याआधी तुम्ही दरवानाला ओळखपत्र मागता, कारण ओळख पटल्याशिवाय तुम्हाला बोलायचे नाही. दरवानापुढे पेच पडतो : शंभर बिऱ्हाडांपैकी कोणाचे पत्र दाखवू? मग तो वाड्याच्या मालकाचे दाखवतो. नाव जुळत नाही आणि ब्राउझर इशारा देतो. येथे दरवान चोर नसतो हे खरे. पण चोर उभा असता, तरी असाच इशारा आला असता! दोन्हींतला फरक तुम्हाला बाहेरून कळत नाही. म्हणूनच ‘पुढे जा’ची सवय वाईट.

यावर २००३ मध्ये एक सोपा उपाय प्रमाणित झाला. पहिल्याच हाकेत हव्या त्या संकेतस्थळाचे नाव सांगायचे. दरवान नेमके त्याचे प्रमाणपत्र काढतो. जुन्या ब्राउझरांना ही रीत येत नसल्याने ती सर्वत्र रुळायला बरीच वर्षे लागली. या रीतीत नाव साधारणपणे उघडेच जाते. म्हणजे तुम्ही कोणाकडे आलात हे वाटेत कळू शकते, काय बोललात ते नाही.

शाळेने काय करावे?

आधी प्रमाणपत्र मिळवावे. २०१५ पासून ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था ते विनामूल्य देते. ती एक ठरावीक फाइल तुमच्या संकेतस्थळावर ठेवायला सांगते आणि ती तेथे सापडली की नाव तुमच्या ताब्यात आहे असे मानते. शाळेच्या नावाआधी ‘मेल’ किंवा ‘वेबमेल’ जोडले की ते वेगळे नाव ठरते. तेही प्रमाणपत्रात हवे. बहुतेक वेळा इशारा येतो तो हेच राहून गेल्यामुळे! मुदत थोड्याच महिन्यांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करावी.

दुसरे, उघड्या दाराने आलेल्याला कुलपाच्या दाराकडे वळवावे. सर्व्हरची दारे क्रमांकाने ओळखतात. साध्या संकेतस्थळाचे दार ८०, सुरक्षित दार ४४३. ‘सी-पॅनेल’ या प्रचलित व्यवस्थेत वेबमेलचे उघडे दार २०९५ आणि सुरक्षित दार २०९६ आहे. फोनवर पत्रे उतरवून घ्यायची असतील तर दार ९९३ वापरावे.

तिसरे, प्रत्येकाचा पासवर्ड लांब आणि वेगळा असावा. कुलूप फक्त वाटेचे रक्षण करते. सर्व्हरमध्ये पोहोचलेल्या पत्रांचे नाही.

शिक्का देणाऱ्याचीच चूक झाली तर? तसेही घडले आहे. जुलै २०१४ मध्ये भारताच्या ‘नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटर’कडून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलच्या लक्षात आले. भारताच्या प्रमाणन नियंत्रकांनी तातडीने त्या केंद्राचे शिक्के रद्द केले. आता प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांत होते आणि त्या कोणालाही पाहता येतात. २०१८ पासून क्रोम ब्राउझर नव्या प्रमाणपत्रांसाठी अशा नोंदीचा आग्रह धरतो.

करून पाहा

कोणतेही ओळखीचे संकेतस्थळ उघडा. पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारून प्रमाणपत्र पाहा. नाव कोणाचे, शिक्का कोणाचा, मुदत कधीपर्यंत, हे वहीत लिहा. नंतर १७ आणि ३ हेच आकडे ठेवून मित्राबरोबर नवे गुपित आकडे निवडा आणि दोघांची बाकी जुळते का ते पडताळून पाहा. तिसऱ्या मित्राला मध्ये बसवून दोघांनाही फसवायला सांगा. तो कसा फसवतो हे पाहिलेत, की प्रमाणपत्राची गरज तुम्हाला निराळी सांगावी लागणार नाही.